तरुणपणी बसविलेला खुबा किती वर्षे टिकतो ?

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



अस्थिशल्यक्रियेचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने गुडघेदुखीवर बोलावे, अशी पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींची अपेक्षा असणार. तथापि आज मी बोलणार आहे ते मागे बसलेल्या तरुणांविषयी, आणि मुख्यतः त्यांच्या आईवडिलांशी. खुब्याचा सांधा बदलणे ही केवळ वार्धक्यातील गोष्ट आहे, हा समज आता सोडून द्यावयास हवा. आपल्याकडे तिशी-पस्तिशीतील माणसाचा खुबाही निकामी होतो. मांडीच्या हाडाच्या गोलाकार शिराचा रक्तपुरवठा खुंटतो, ते आतल्या आत मृत होते व ढासळते. स्टेरॉइडची औषधे, मद्यपान आणि जुना अस्थिभंग ही त्याची ठळक कारणे; विदर्भात सिकलसेलचा विकार हेही एक. कोणाचा सांधा पाठीचा कणा जखडणारा संधिवात धरतो, तर कोणाचा क्षयामुळे जातो.

अशा मुलाचे वडील विचारतात, ‘‘डॉक्टर, हा सांधा जन्मभर पुरेल ना?’’ प्रश्न रास्त आहे. सत्तरीच्या गृहस्थाला बसविलेला सांधा बहुधा त्याला आयुष्यभर साथ देतो. तिशीच्या माणसाला मात्र त्यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढावयाची असतात. ह्याचे उत्तर पुष्कळसे सांध्याच्या द्रव्यांत दडलेले आहे. म्हणून थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे.

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली ह्या शल्यविशारदाने 1958 च्या सुमारास टेफ्लॉनची उखळी बसविण्यास आरंभ केला. हाच पदार्थ आज आपल्या तव्यांवर लेपलेला असतो. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. परंतु अवघ्या दोन-तीन वर्षांत उखळ्या झिजल्या आणि शेकडो रुग्णांचे सांधे पुन्हा उघडावे लागले. 1962 च्या नोव्हेंबरात चार्नलींनी टेफ्लॉन टाकून घट्ट जातीचे पॉलिएथिलीन घेतले. दोन्ही पदार्थांचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून पाहिले होते, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. त्या काळच्या पॉलिएथिलीनच्या उखळ्यांपैकी काही तीस वर्षांहून अधिक टिकल्या.

मात्र तरुण रुग्णांत त्या तितक्या टिकल्या नाहीत. झीज म्हणजे केवळ उखळी पातळ होणे नव्हे. झिजेतून डोळ्यांना न दिसणारी भुकटी निघते. शरीरातील पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या चिडतात, हाड खाणाऱ्या पेशींना जागे करतात, आणि वाळवीने तुळई पोखरावी तसे सांध्याभोवतीचे हाड पोखरले जाते. बरीच वर्षे ह्याचा दोष सांधा चिकटविणाऱ्या सिमेंटला देण्यात येत होता. पुढे सिमेंटविना बसविलेल्या सांध्यांतही तोच प्रकार आढळला, तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेल्याचे ध्यानात आले. शिवाय झीज होते ती वर्षांनी नव्हे, तर पावलांनी. आजोबा अंगणात फेऱ्या घालतात. नातू लोकल पकडतो, जिने चढतो, ओझे वाहतो. दोघांच्या सांध्यांचे पंचांग एक असू शकत नाही.

ह्यावर 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक चांगला उपाय निघाला. पॉलिएथिलीनवर किरणांचा मारा करून त्यातील रेणूंच्या साखळ्या परस्परांत गुंफतात. अशा उखळीची झीज जुन्या उखळीच्या मानाने अत्यल्प असते. पहिल्या रुग्णांना आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि पन्नाशीच्या आतील रुग्णांतही हाड पोखरले जाण्याचे प्रमाण फार खाली आले आहे. दुसरी वाट सिरॅमिकची. फ्रान्समध्ये पिएर बुतँ ह्यांनी 1970 मध्ये सिरॅमिकवर सिरॅमिक असा सांधा प्रथम बसविला. तो जवळजवळ झिजत नाही. आरंभीचे गोळे फुटत. आजचे क्वचितच फुटतात. काही सांधे चालताना कुरकुरतात, एवढी तक्रार मात्र आहे. सिरॅमिकचा गोळा आणि नव्या पॉलिएथिलीनची उखळी ही जोडी तरुणांसाठी मला सध्या सर्वांत भरवशाची वाटते.

तिसऱ्या वाटेची कथा दुःखद आहे. धातूवर धातू घासणारे सांधे खास तरुण, धडधाकट रुग्णांसाठी म्हणून पुढे आले. त्यांतील डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा सांधा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. झिजेतून सुटणारे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते व सांध्याभोवतीचे स्नायू कुजत होते. भारतात असे सुमारे 4,700 सांधे बसविले गेले होते. केंद्र सरकारने 2017 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, नुकसानभरपाईचेही ठरले; परंतु बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना.

असे का झाले, ह्याचे एक कारण आपल्या घरांत आहे, आणि ते बोलण्यासाठी हेच व्यासपीठ योग्य आहे. मुलीचा खुबा बदलला की लग्न जमविताना ते कळू नये म्हणून आईवडील कागदपत्रे दडवितात, क्वचित फाडूनही टाकतात. सांध्याचे नाव, कंपनी आणि क्रमांक छापलेली चिठ्ठी त्यांतच असते. ती गेली की सांधा परत मागविला गेला तरी कळावयाचे कसे? आणि वीस वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्याने आत काय आहे हे ओळखावयाचे कसे? लपविण्याचे कारणही पोकळच आहे. अशा सांध्यासह गर्भारपण व प्रसूती सुखरूप पार पडू शकते. वधूवरांच्या यादीत शिक्षण, उंची आणि पगार लिहिता, तेथे हेही उघडपणे लिहावे.

आता आकडे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे 58 सांधे पंचवीस वर्षे टिकतात. त्यांत जुन्या द्रव्यांचे सांधेही आले. इंग्लंडमधील 2017 च्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आयुष्यभराचा धोका शेकडा 5 च्या आसपास आढळला. पन्नाशीच्या आरंभी सांधा बदललेल्या पुरुषांना मात्र तो शेकडा 35 पर्यंत. तेव्हा तिशीच्या माणसाने आयुष्यात आणखी एक शस्त्रक्रिया गृहीत धरावी. म्हणून रखडत, लंगडत तारुण्य घालवावे असे नाही; मात्र हाड ढासळण्यापूर्वी रोग कळला तर मूळचा सांधा वाचविण्याचे प्रयत्न आधी करावेत. नंतर दुखत नसले तरी ठराविक मुदतीने एक्स-रे काढावा, कारण हाड पोखरले जात असता बराच काळ काहीच दुखत नाही.

मांडी घालून पंगतीस बसता येईल काय, हे विचारल्यावाचून आपल्यातील कोणी राहत नाही. पूर्वी सरसकट मनाई असे. आजच्या मोठ्या गोळ्यांमुळे सांधा निखळण्याचे भय कमी झाले आहे आणि काहींना मुभा मिळते. परंतु ती आपल्या शल्यविशारदाला विचारूनच घ्यावी. उकिडवे बसणे मात्र टाळलेले बरे.

भोजनोत्तर मी कार्यालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांनी एक्स-रे आणले असतील, त्यांनी ते अवश्य दाखवावेत.