घाट चढताना महाग, घाट उतरताना स्वस्त
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



आज कपाशीच्या भावावर बोलायचे ठरले होते. तेच बोलणार आहोत, पण जरा लांबच्या वाटेने. मागच्या मार्गशीर्षात आम्ही मेळघाटातल्या एका डोंगरी गावी जाऊन आलो. 'आम्ही' म्हणतो खरे, पण गाडीत माणूस एकच होता. कार्यकर्ते सोबत यायला तयार होते, आम्हीच नको म्हणालो. ते काम संघटनेचे नव्हते. जुना हिशेब द्यायला जायचे होते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी शेतीची पदवी घेऊन आम्ही एका संस्थेच्या नोकरीला लागलो. त्या नोकरीत त्या गावी सोयाबीनची प्रात्यक्षिके घेतली. तेव्हा तिथे उतारावर कोदो-कुटकी आणि सपाटीला ज्वारी असायची. आम्ही फळ्यावर खर्च मांडला, उत्पन्न मांडले आणि सांगितले, हे सोडा, सोयाबीन घ्या. पुढे गावाने कुटकी सोडल्याचे कानावर आले. मेळघाटात लेकरे कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या पावसाळ्यात यायच्या. दर वेळी मनात यायचे, यात आपल्या शहाणपणाचा वाटा किती?

तर जुनी मारुती काढली. अकोट, अंजनगाव, परतवाडा. इथवर तुमचाआमचाच मुलूख. दोन्ही बाजूंना कपाशी, वेचणीच्या बाया, ट्रॅक्टरमध्ये दाबून भरलेला कापूस. परतवाडा सोडले की डोंगर लागतो. घटांगच्या पुढे सागाचे जंगल, वळणामागून वळण. सेमाडोहला सिपना नदी भेटते. तिथून रायपूरच्या अंगाने आत वळलो आणि डांबर संपले. फोनची रेंज त्याआधीच गेली होती.

एका नाल्यात गाडी रुतली. पाऊण तास एकट्याने दगड घातले, चाक जागेवरच फिरत राहिले. शेवटी गुरे घेऊन येणाऱ्या चार पोरांनी ढकलून काढून दिली. पैसे देऊ लागलो तर घेईनात. त्यातला एक म्हणाला, 'बाजाराचा टेम्पोबी इथंच फसते.' हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

वाटेत आम्ही एक उद्योग केला. परतवाड्यात, सेमाडोहला आणि त्या गावी, तिन्ही ठिकाणी खताच्या पोत्याचा, मिठाचा आणि तेलाचा भाव विचारला. वर जावे तसा तो वाढत गेला. मग सोयाबीन काय भावाने जाते ते विचारले. वर जावे तसा तो उतरत गेला. रस्ता तोच, टेम्पो तोच. वर येताना माल व्यापाऱ्याचा, तर भाडे शेतकरी देतो. खाली जाताना माल शेतकऱ्याचा, तरी भाडे शेतकरीच देतो. नाल्यात टेम्पो फसला तर त्याचेही पैसे शेतकऱ्याच्याच भावातून कापले जातात.

गावात एका कोरकू म्हाताऱ्याने ओळखले. बाजेवर बसवले, चहा दिला. आम्ही मनातले बोलून टाकले. बाबा, आम्ही तुम्हाला कुटकी सोडायला लावली, ते चुकले काय?

म्हातारा हसला. म्हणाला, 'तुमी सांगतलं म्हून नाई सोडली साहेब. सोयाबीनले टेम्पो येते. कुटकीले कोन येते?'

भावांनो, पदवीधराचा गर्व उतरवायला एवढे पुरे होते. आम्ही इतकी वर्षे पाप डोक्यावर घेऊन फिरत होतो. त्या पापातही मोठेपणाच होता. जणू आमच्या फळ्यावरच्या खडूने त्या गावाचे पीक बदलले! शेतकरी सल्ल्याने पीक बदलत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक दारात येते तो माल तो पेरतो. तुम्ही ज्वारी का सोडली? पावसात कणीस काळे पडते, रानडुकरे धुडगूस घालतात, हे खरेच. पण हे सारे सोसूनही भाव मिळाला असता तर कडब्याची गंजी आज प्रत्येकाच्या दारात दिसली असती.

म्हणजे आम्ही दोषातून सुटलो काय? नाही. फळ्यावर आम्ही उत्पन्न मांडले, पण बियाण्याची अडचण सांगितली नाही. कुटकीचे बी घरच्या मडक्यात टिकते, एकराला चार-पाच किलो पुरते. सोयाबीनला एकरी तीस किलो लागते, त्याचे टरफल पातळ, साठवणीत उगवण घटते. म्हणजे दर मृगाला पुन्हा परतवाडा, पुन्हा उधारी. आणि ज्याची उधारी त्यालाच माल, त्याच्याच काट्यावर. पीक बदलले ते बाजाराने, पण ही दावण आम्हाला दिसायला हवी होती. पदवी त्यासाठीच होती.

2023 साल जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले. त्याही वर्षी केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी होती, बाजरी होती, नाचणी होती. कोदो-कुटकी नव्हती. कौतुक झाले, गिऱ्हाईक आले नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचे गाव तर डांबरी रस्त्यावर आहे, आम्हाला कुठला घाट? भावांनो, घाट काही नुसते डोंगरातच नसतात. काही कायद्याने बांधलेले असतात. 1972 सालापासून या राज्यात कापूस एकाधिकार योजना होती. स्वतःच्या शेतातला कापूस पलीकडच्या राज्यात नेला तर गुन्हा! चांगल्या भावासाठी रात्रीच्या अंधारात सीमेकडे गाड्या हाकणारे तुमच्यात आजही बसले असतील. 2002 साली खाजगी खरेदीची वाट मोकळी झाली, तोवर एक पिढी संपली. बांबूचे तसेच. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले. शेतातला बांबूही परवान्याशिवाय हलेना. 2017 साली, नव्वद वर्षांनी, शेतातल्या बांबूपुरती ती गाठ सुटली. जंगलातल्या बांबूसाठी गडचिरोलीतल्या मेंढा गावाने भांडून 2011 साली वाहतूक परवान्याचे पुस्तक आपल्या ग्रामसभेच्या हाती घेतले. ज्याच्या हाती वाहतूक, त्याच्या हाती भाव.

निघताना आम्ही म्हाताऱ्याला विचारले, काय हवे? सल्ला नाही मागितला, अनुदान नाही मागितले. म्हणाला, 'एक काटा आन् दोन बेपारी.' एवढेच. आमच्या चार वर्षांच्या शिक्षणात हे वाक्य नव्हते.

तेव्हा या मेळाव्यातून तीन कामे घेऊन जा. एक, गावाचा स्वतःचा काटा. माल आधी आपल्या काट्यावर, मग व्यापाऱ्याच्या. दोन, दहा घरांचा माल एका दिवशी एका गाडीत, आणि बोलावणे किमान दोन व्यापाऱ्यांना. तीन, यंदाच्या विक्रीची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. वजन, कटती, हमाली, भाव, सगळे. पुढच्या मेळाव्याला त्या चिठ्ठ्या आणा. आपल्या गावापासून बाजारापर्यंत किती घाट आहेत ते आपण एकत्र बसून मोजू.

त्या डोंगरी गावाला काटा द्यायचे आम्ही कबूल करून आलो आहोत. होळीच्या आधी पुन्हा जाणार आहोत. या खेपेला एकट्याने नाही. गाडीत चौघांची जागा आहे, आणि नाल्यात ढकलायला माणसे लागतात.