विस्मृतीचा जमाखर्च



नवी वही मांडताना व्यापारी मागील शिल्लक प्रथम पुढे ओढतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाच्या आयुष्यात ही शिल्लकच पुढे येत नाही. मुलाचे नाव, घराची वाट, जेवण झाले की नाही, सारेच पुसले जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठ या व्याधीने ग्रस्त आहेत.

माहूरच्या यात्रेच्या गर्दीत असा वृद्ध एकटा बाहेर पडला, तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून त्याच्याजवळ रात्रंदिवस कोणीतरी हवेच. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या व साप्ताहिक सुट्टी धरली, तर एका वेळी एक सेवक ठेवण्यासाठीही चार माणसे लागतात. निवासी शुश्रूषागृह महाग पडते ते यामुळेच. मासिक शुल्क २५,००० रुपये धरले, तर वर्षाचे तीन लाख आणि आठ वर्षांचे चोवीस लाख होतात. ही व्याधी वर्षानुवर्षे चालते, हे विसरता येत नाही.

यास आधार कोणता? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना लागू झालेली आयुष्मान योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, निवासी देखभालीसाठी नाही. उरलेला भार घरावर, बहुधा सुनेवर अथवा लेकीवर पडतो. तिच्या जागरणाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

तथापि एक वाट मोकळी आहे. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने साठीपुढील ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम चालविल्यास, निवास, भोजन व देखभाल मिळून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही. ही सवलत २०१८ पासून आहे. इमारतीची घाई मात्र नको. प्रथम दिवसभराचे सेवाकेंद्र काढावे, स्थानिक तरुण-तरुणींना शुश्रूषेचे शिक्षण द्यावे आणि दमलेल्या घराला आठवड्यातून एक दिवस विसावा द्यावा.

जैन धर्माने वैयावृत्त्याला आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. उपवासाचे पारणे होते, त्याचा सोहळा होतो. हे तप मात्र बंद दाराआड चालते, आणि ज्याची सेवा घडते तो सेवा करणाऱ्याला ओळखतही नाही. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने त्या दारावर थाप द्यावी, यापरते सुवर्णमहोत्सवाचे सार्थक कोणते?

जय जिनेंद्र!