सेवेकरी कोठे नेमावा?



समाराधनेच्या दिवशी दुपार कलली तरी शेवटची पंगत बसत नाही, आणि तिष्ठत राहतात ते बहुधा वृद्ध व दुरून आलेले यात्रिक. ‘माणसे कमी पडली’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा माणसे पुरेशी असतात. त्यांची योजना तेवढी चुकलेली असते. या प्रश्नाचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग यांच्या १९०९ सालच्या निबंधापासून त्याचा आरंभ मानतात.

त्याचा पहिला धडा असा. एक सेवेकरी तासाला सरासरी ६० जणांचे काम उरकतो. तासाला ५० माणसे येतात. परंतु येणे अनियमित, आणि कामाला लागणारा वेळही कमीअधिक. अशा स्थितीच्या साध्या गणिताने प्रत्येकाचे सरासरी ६ मिनिटे मोडतात. येणारे ५७ झाले की तीच ६ मिनिटे २० होतात! म्हणून सेवेकऱ्याच्या हाताशी थोडी उसंत असणे हा आळस नव्हे. ती पंगतीची शिल्लक होय.

दुसरा धडा पाकशाळेतला. पोळी आधी लाटावी लागते, मग भाजावी लागते. आणि लाटलेल्या पोळ्या फार साठवता येत नाहीत, चिकटतात. समजा, गोदाबाई मिनिटाला ३ पोळ्या लाटतात किंवा २ भाजतात; यमुनाबाई २ लाटतात किंवा १ भाजतात. गोदाबाईंचा हात लाटण्यात अधिक चालतो, म्हणून पोळपाट त्यांच्याकडे द्यावा, असे कोणीही म्हणेल. तसे केल्यास यमुनाबाईंच्या तव्यावरून मिनिटाला एकच पोळी उतरेल. गोदाबाई मधून मधून भाजू लागल्या, तरी दोघींची मजल फार तर १·८ पर्यंत. उलट गोदाबाईंना तव्याशी बसवा, पोळपाट यमुनाबाईंकडे द्या. मिनिटाला २ पोळ्या होतील. माणसे तीच, श्रम तेच.

आंद्रादोत्तिर, आयहान आणि डाऊन या संशोधकांनी २००१ साली दोन टप्पे व दोन कामकरी अशा रचनेचा विचार केला. दोघे एकाच कामाला लागले असता त्यांचे वेग जोडले जातात, असे त्यांनी गृहीत धरले. निष्कर्ष साधा आहे: ज्या वाटणीत दोघांच्या वेगांचा गुणाकार मोठा, ती स्वीकारावी, प्रत्येकाने आपले ठाणे सांभाळावे, आणि आपल्यापुढे काम उरले नाही किंवा पुढची जागा भरून गेली, तरच दुसऱ्याच्या मदतीस जावे. आमच्या उदाहरणात एक गुणाकार ३, दुसरा ४.

आपल्याकडे मात्र ज्याला सर्व कामे येतात, त्यालाच सकाळपासून चहूकडे पळवितात. तो दमतो, आणि खरी अडचण येते तेव्हा त्याचे हात गुंतलेले असतात. यास्तव माझी विनंती एवढीच: प्रत्येक सेवेकऱ्याला आपल्या कामाशेजारचे आणखी एक काम शिकवावे, आणि एकाने सर्व टप्प्यांवर नजर ठेवावी. रिकामा दिसणाऱ्याला बोल लावण्यापूर्वी अडलेली जागा कोणती ते पाहावे. सेवाभाव आपल्यापाशी विपुल आहे. त्याला हिशेबाची जोड मिळाली, तर शेवटच्या पंगतीतल्या वृद्धालाही प्रसाद वेळेवर मिळेल.