कधी बोलतं, कधी मुकं
(चिखलदऱ्याच्या प्रौढ वर्गापुढे केलेलं भाषण)



पार बंद पडलेलं यंत्र एक वेळ परवडलं. ते सरळ सांगतं, "मी बिघडलो." पण कधी चालतं, कधी रुसतं, असं यंत्र फार वाईट. आपण त्याच्या भरवशावर राहतो, आणि नेमक्या वेळी ते दगा देतं. असा लपणारा बिघाड कसा पकडावा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपलं चिखलदरा साडेतीन हजार फुटांहून उंच. पावसाळ्यात इथं ढग घरात शिरतात. भोवती मेळघाटाचे डोंगर आणि दऱ्या. आजही इथल्या कित्येक ठिकाणी मोबाइल लागत नाही. अशा जागी चौकीवरचा वायरलेस हाच आधार.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही अशाच एका चौकीत उतरलो होतो. तिथल्या रखवालदारानं आम्हाला एक हकीगत सांगितली. जवळच्या पाड्यातल्या एका बाईला पहाटे कळा सुरू झाल्या. जीप मागवायची होती. पण वायरलेसवरून आवाज जाईना. शेवटी चार माणसांनी तिला झोळीत घातलं आणि भर पावसात रस्त्यापर्यंत नेलं. मायलेकरू वाचलं. पण दर वेळी असंच होईल, हे कोणी सांगावं?

रखवालदार म्हणाला, "काय सांगू भाऊ, मनात आलं तं बोलते, नाही तं मुकं होऊन बसते. मिस्त्री तीनदा आला. तो आला का बरोबर चालते!"

कोणी म्हणे यंत्र जुनं झालं. कोणी म्हणे जागाच वाईट.

आम्ही त्याला विचारलं, "दादा, तुम्हाला लिहिता येतं ना?"

तो म्हणाला, "येते. रातच्या वर्गात शिकलो."

मग आम्ही एका वहीत पाच रकाने आखले. तारीख, वेळ, हवा कशी, त्यांचा आवाज आला का, आपला आवाज पोचला का. रोज चार वेळा बोलून पाहायचं आणि लिहायचं. त्यानं वीस दिवस वही लिहिली. अक्षर वाकडं होतं, पण नोंद सरळ होती.

वही वाचली, तर आवाज बहुधा सकाळी पोचत नव्हता. दुपारी पोचत होता.

पहिला संशय बॅटरीवर गेला. चौकीची बॅटरी सूर्याच्या उन्हावर भरते. रात्रीतून ती उतरत असेल, असं वाटलं. त्यात एक खूणही जुळत होती. ऐकू येत होतं, पण बोललेलं पोचत नव्हतं. गाडीत किंवा चौकीत असतो तसा २५ वॅटचा वायरलेस ऐकताना १ अँपिअरपेक्षाही कमी वीज घेतो. बोलायचं बटण दाबलं की ५-६ अँपिअर घेतो. नळी अर्धी बुजली असली तरी तांब्या भरतो. हौद भरायला घेतला की नळीचं बिंग फुटतं. बॅटरीचा जोड गंजला, की असंच होतं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. धुक्याच्या एका सकाळी आवाज पोचत नव्हता. तेव्हाच आम्ही मीटर लावला. हे ध्यानात ठेवा. चोर घरात असतानाच पकडावा. बटण दाबून धरलं आणि मोजलं. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. यंत्रापाशी १२.१. म्हणजे बॅटरी चांगली, तारही चांगली. यंत्रापाशी ९-१० व्होल्टच भरले असते, तर दोष मधल्या जोडात किंवा तारेत होता. बॅटरी निर्दोष सुटली.

मग वही पुन्हा वाचली. दोन ओळी वेगळ्या दिसल्या. एका सकाळी आभाळ स्वच्छ होतं. त्या सकाळी आवाज पोचला होता. एका दिवशी दुपारी ३ वाजता धुकं उतरलं होतं. त्या दुपारी आवाज पोचला नव्हता. म्हणजे दोष सकाळचा नव्हता, ओलीचा होता! मिस्त्री यायचा दुपारच्या एस.टी.नं. तोवर ऊन पडून सारं सुकलेलं असायचं. त्याला दोष दिसावा कसा?

ओल शिरेल अशी जागा बाहेरचीच. आभाळात विजा नाहीत असं पाहून आम्ही एरियलचा खांब खाली उतरवला. एरियल आणि तार यांच्या जोडावरची पट्टी उन्हानं तडकली होती. आत पाणी होतं, आणि तांब्यावर हिरवा गंज चढला होता. पलीकडचा आवाज जोरदार होता म्हणून तो कसाबसा ऐकू येई. आपला आवाज मात्र त्या ओल्या जोडातच मरत होता.

काळी पडलेली तार आम्ही चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली. नवा जोड बसवला. त्यावर रबरी पट्टी खालून वर गुंडाळली. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं, तशी. म्हणजे पाणी घसरून जातं. तार खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवला. पाणी तिथंच ठिबकतं, आत येत नाही.

हे सारं करताना बोलायचं बटण कोणालाही दाबू दिलं नाही. एरियल काढलेला असताना ते दाबलं, तर यंत्र जळण्याची भीती असते.

आवाज लगेच पोचला. पण त्या दिवशी ऊन होतं! म्हणून आम्ही "झालं" म्हटलं नाही. वही पुढं चालू ठेवली. तीन दिवसांनी दाट धुकं आलं. रखवालदारानं बटण दाबलं. पलीकडून उत्तर आलं, "साफ ऐकू येते." तेव्हा त्यानं वहीत लिहिलं, 'पोचला.'

समुद्रावरही हेच घडतं. कोकणातल्या मच्छीमारांच्या बोटींवर असेच वायरलेस असतात. संकटात हाक मारायला १६ नंबरची वाट राखलेली असते. तिथं धुक्याच्या जागी खारा वारा असतो. इंजिनाच्या हादऱ्यांनी जोड ढिले होतात. तिथंही आधी जोडच पाहावे लागतात.

१९१२ सालच्या एप्रिल महिन्यात टायटॅनिक ही मोठी बोट बुडाली. बुडण्याच्या एक-दोन दिवस आधी तिचा वायरलेस बिघडला होता. फिलिप्स आणि ब्राइड या दोघा तरुणांनी तासन् तास खपून दोष शोधला. पहिला संशय चुकला. दोष दुसरीकडं, जळलेल्या तारांत निघाला. पुढं त्याच वायरलेसवरून गेलेली हाक ऐकून कार्पेथिया बोट धावून आली. सातशेहून अधिक माणसं वाचली. त्या दोघांनी "पाहू पुढच्या बंदरात" असं म्हटलं असतं तर?

तेव्हा मंडळी, ध्यानात ठेवा. यंत्राला लहर नसते. दोष येतो तेव्हा काहीतरी बदललेलं असतं. ओल, हादरा, ऊन किंवा ओझं. ते काय, हे शोधा. एका वेळी एकच गोष्ट हलवा, एकच बदला. दोन बदलल्या तर गुण कशाचा, ते कळत नाही.

हे मोटारपंपाला लागू आहे आणि घरच्या दिव्यालाही. मात्र घरच्या विजेला हात लावण्याचं काम जाणत्या माणसाचं. तुमचं काम नोंदीचं. मिस्त्री आला की वही त्याच्या हातात द्या. त्याच्या तीन फेऱ्या वाचतील.

उद्या वर्गाला येताना वहीत पाच रकाने आखून आणा. पहिला शब्द लिहा, तारीख.