चाक बसले, पण जुळले का?



बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेच असेल. लोखंडी पट्टी वाकवण्याआधी लोहार लाकडी चाकाचा घेर मोजून घेतो. धावेचा घेर चाकापेक्षा किंचित कमी ठेवायचा, म्हणजे तापून वाढलेली धाव चाकावर उतरते आणि पाणी ओतताच आवळून बसते. घेर जास्त धरला तर धाव वाटेत निसटते. फारच कमी धरला तर आरे आणि तुंबा यांच्यावर नको तेवढा ताण येतो. त्या लोहाराला लिहितावाचता येत असो वा नसो, माप घेतल्याशिवाय तो भट्टी पेटवत नसे.

आता त्याच लोहाराच्या नातवाच्या दारात मोटार उभी असते. तिला दुसरी चाके घालायची वेळ आली की मात्र माप कोणी घेत नाही. दुकानदार एक चाक उचलतो, स्टडवर सरकवतो, दोन नट फिरवतो आणि म्हणतो, "बसतंय की हो, काळजी कशाला?" पैसे दिले जातात, गाडी घरी येते. पुढे लग्नाच्या वऱ्हाडात आठ माणसे कोंबली की मागचे टायर मडगार्डला घासू लागते, किंवा वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. मग त्याच दुकानात फेऱ्या सुरू होतात.

मूळ चाके बदलावी लागतात याची कारणे कितीतरी आहेत. खड्ड्यात रिम वाकते. तालुक्याला मूळ मापाचे टायर मिळत नाही. जुनी गाडी घेतली, तर आधीच्या मालकाने भलतीच चाके घातलेली असतात. कुणाला चकचकीत अलॉय हवे असते, आणि त्यात वावगे काही नाही. बैलांच्या शिंगांना रंग लावणाऱ्या माणसांना गाडीची हौस नसावी, असे कोण म्हणेल? फक्त ती हौस मापात बसली पाहिजे.

चाक स्टडवर सरकले, याचा अर्थ एवढाच की भोके जवळपास जुळली. आणि ही "जवळपास"च घातक असते. सगळ्या स्टडच्या मध्यबिंदूंतून जाणारे एक वर्तुळ मनाशी काढा. त्याच्या व्यासाला दुकानात पीसीडी म्हणतात. स्विफ्ट, आय-टेन अशा गाड्यांना चार स्टड असतात आणि हा व्यास १०० मिलिमीटर असतो. फियाटच्या पुंटो आणि लिनिया या गाड्यांच्या चाकांनाही चारच भोके, पण व्यास ९८. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे एका बाजूला एकच. एवढ्या फरकाचे चाक पान्याच्या जोराने चढवता येते! पण प्रत्येक स्टड थोडा वाकून राहतो, नट आपल्या बैठकीत सरळ टेकत नाही, आणि धक्के खात खात तो सैल होतो. मुळीच न बसणारे चाक दुकानातच परत जाते. जवळपास बसणारे चाक रस्त्यावर येते.

चार स्टड असतील तर माप सोपे आहे. एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, तोच व्यास. पाच स्टड असले की समोरासमोर कोणी येत नाही. तेव्हा शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर घ्या आणि त्याला १.७ ने गुणा. अंतर ८२ मिलिमीटर आले तर व्यास १३९ च्या पुढे जातो. खरा आकडा १३९.७, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे हेच माप होते आणि जिप्सीलाही तेच होते. अंतर ६७ आले तर व्यास ११४.३, म्हणजे साडेचार इंच. आमच्या शिक्षक बंधुभगिनींना इथे एक सुचवावेसे वाटते. वर्तुळ आणि व्यास हा धडा आला की मुलांना फळ्यापुढून उठवून शाळेसमोर उभ्या असलेल्या गाडीपाशी न्यावे आणि १.७ हा आकडा कुठून आला ते त्यांनाच शोधू द्यावे.

चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाकडे तर कोणी पाहतच नाही. पुष्कळ गाड्यांत चाक मध्यावर आणण्याचे काम हे भोक करते. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातली अलॉय चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक बरेच मोठे ठेवतात, आणि उरलेली पोकळी भरायला एक कडी मिळते. ती कडी मागून घ्या. ती नसली की चाक केसभर बाजूला बसू शकते, आणि मग कितीही वेळा बॅलन्सिंग केले तरी थरथर जात नाही.

नटांचेही तसेच. काही नटांची बैठक शंकूसारखी निमुळती असते, काहींची गोल, तर काहींची सपाट. चाकाची बैठक आणि नटाची बैठक एकाच जातीची हवी. आटेही पाहा. मारुतीच्या गाड्यांना बहुधा १२ मिलिमीटरचा स्टड आणि सव्वा मिलिमीटरचा आटा असतो. ह्युंदाईला स्टड तेवढाच, पण आटा दीड मिलिमीटरचा. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडतो, आणि तिथे अडाणी माणूस पाना लावतो. नट हाताने फिरवा आणि फेरे मोजा. स्टड जेवढा जाड, निदान तेवढ्या लांबीत आटे धरले पाहिजेत. म्हणजे सव्वाच्या आट्याला सुमारे दहा फेरे, दीडच्या आट्याला आठ. अलॉयची बैठक जाड असल्यामुळे इथे पुष्कळदा दोन-तीन फेरे कमी पडतात.

आता जरा किचकट गोष्ट, पण घासण्याचे मूळ बहुतेक वेळा हिच्यातच असते. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यात जे अंतर असते त्याला ऑफसेट म्हणतात. चाकावर ते 'ईटी' अक्षरांपुढे कोरलेले असते, आणि रुंदी 'जे' अक्षरापाशी इंचांत असते. समजा, मूळ चाक ५ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. तुम्ही साडेसहा इंच रुंद आणि ईटी ३८ असे चाक आणले. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिलिमीटर. ऑफसेट ७ ने घटला, म्हणजे सगळे चाक ७ मिलिमीटर बाहेर सरकले. बाहेरची कड १९ अधिक ७, म्हणजे २६ मिलिमीटर बाहेर आली. आतली कड १९ उणे ७, म्हणजे १२ मिलिमीटर आत गेली. बाहेर मडगार्ड आणि आत शॉक-ॲब्सॉर्बर, दोन्हीकडे एवढी मोकळी जागा तुमच्या गाडीत आहे का, ते पट्टी घालून पाहता येते. शिवाय चाक बाहेर गेले की बेअरिंगवरचा ताण वाढतो. खांद्यावरचे ओझे हात लांब करून धरल्यासारखे होते ते.

टायरवरच्या आकड्यांचे गणित मात्र पाचवीतल्या मुलालाही जमेल. १६५/८० आर १४ असे लिहिले असेल, तर टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२, आणि रिम १४ इंचांची. रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात टायरची उंची वर आणि खाली अशी दोनदा मिळवा. उत्तर सुमारे ६२० मिलिमीटर. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या साध्या प्रकाराला हेच टायर होते. तिच्याच महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५ होते. त्याचे गणित करा: रिम ३८१, टायरची उंची १२०, दोनदा धरून एकूण ६२१ च्या वर. रिम एक इंचाने मोठी, तरी पूर्ण चाकात फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा! कारखान्यातल्या इंजिनिअरांनी रिम वाढवली तेवढे रबर कमी केले. चाक मोठे करायची हौस असेल तर हा मार्ग धरावा.

तेच कुणी १५ इंचांवर २०५/६५ चढवले, तर व्यास साडेसहाशेच्या घरात जातो, म्हणजे साडेचार टक्क्यांनी वाढतो. मीटरला हे कळत नाही. मूळ मापाच्या चाकावर मीटर अचूक असेल, तर आता काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या पुढे धावत असेल. पहिला गिअर जड वाटेल, घाटात इंजिन धापा टाकेल. दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा बरा नियम आहे. चारही चाकांना बळ मिळणाऱ्या गाडीत तर पुढे एक माप आणि मागे दुसरे असे कधीच करू नये. गिअरच्या पेटीत आतल्या आत झगडा लागतो आणि खर्च मोठा येतो.

मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. तो आकडा टायरने किती भार पेलायचा ते सांगतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. आपल्याकडे गाडी एकट्या माणसासाठी क्वचितच निघते. माणसे, पोती, वर टपावर सामान, आणि वजनाचा मोठा वाटा मागच्या दोन टायरांवर. तेव्हा मूळ आकड्यापेक्षा खालचा आकडा, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये. बाजूला शेवटी चार आकडे असतात: २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातले. आयएसआय चिन्हही पाहावे. आणि तडा गेलेले अलॉय वेल्डिंग करून विकायला ठेवतात, ते फुकट दिले तरी नको.

पैसे देण्याआधी एक चाक पुढे आणि एक मागे लावून बघण्याची मुभा दुकानदाराकडून घ्या. गाडी जॅकवर असताना चाक लोंबते, तेव्हा जागा मोकळीच दिसते. त्यावर भुलू नका. चाक हाताने फिरवून ब्रेकला कुठे अडत नाही ना ते पाहा आणि मग गाडी खाली उतरवा. टायरच्या दोन्ही खांद्यांवर साधा खडू भरपूर फासा. घरची माणसे आत बसवा, मागे दोन पोती ठेवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि गाडी एखाद्या उंचवट्यावरून हळू न्या. मग खाली वाकून बघा. मडगार्डवर, आतल्या पत्र्यावर किंवा ब्रेकच्या नळीपाशी जिथे पांढरे लागले असेल, तिथे टायर घासते. मिस्त्री म्हणतील, "पत्रा थोडा ठोकून देतो." पत्रा ठोकून चाक बसवणे म्हणजे पाय कापून जोडा घालणे. चाक परत करा.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कारखान्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत असे बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाहीत. कंपनीने तुमच्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेले माप घेतले तर वादाला फारशी जागा उरत नाही. गाडीच्या पुस्तकात आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या कागदावर मान्य मापे आणि हवेचे आकडे छापलेले असतात. दुकानात जाताना ते वहीत उतरवून न्या. बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

चाके बसवून झाल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटर चालले की थंड चाकाचे सगळे नट पुन्हा एकदा, समोरासमोरचे धरून, पुस्तकात दिलेल्या जोराने आवळून घ्यावेत. आणि मूळ नट फेकू नका. स्टेपनीचे चाक लोखंडीच राहिलेले असते; अलॉयचे नवे नट त्याला लागू पडतीलच असे नाही. पंक्चर झाले की ते जुने नट हवेत, म्हणून एका पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवून द्या.