नकाशा छापणाऱ्या यंत्राची निवड



पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, भीमा नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे गाव वसले आहे. सणसवाडी व रांजणगाव येथे कारखानदारी वाढली, तसे या साऱ्या पट्ट्याचे रूप पालटले. शेताच्या बांधालगत गोदामे आणि कामगारांची घरे उभी राहिली. अशा प्रत्येक बांधकामाचा आरंभ कागदावर होतो. आराखडा आज संगणकावर तयार होत असला, तरी गवंडी, सेंट्रिंगवाला आणि सळया बांधणारा फिटर यांच्या हाती कामावर असतो तो छापील नकाशाच.

म्हणूनच नकाशा छापणारे यंत्र ही केवळ कार्यालयीन सोयीची बाब नव्हे. स्लॅबच्या सळयांमध्ये १५० मिलिमीटर अंतर दाखवले असेल आणि पावसाच्या थेंबाने शाई पसरून ते १८० असे वाचले गेले, तर स्लॅबमध्ये लोखंड कमी पडते. वर काँक्रीट पडल्यावर ती चूक डोळ्यांना दिसत नाही.

निळ्या प्रतीपासून संगणकापर्यंत

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहक्षारांवर होणाऱ्या प्रकाशाच्या परिणामातून निळे चित्र उमटवण्याची रीत शोधली. त्यातूनच पुढे निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची ‘ब्लू प्रिंट’ आली. नंतर अमोनिया प्रिंटने तिची जागा घेतली. या दोन्ही पद्धतींत ट्रेसिंग कागद व प्रतीचा कागद एकमेकांवर ठेवले जात; त्यामुळे प्रत मूळ नकाशाएवढीच निघे. संगणकाने काम सोपे केले, पण नकाशा हवा तसा लहानमोठा करण्याची मुभाही दिली. नेमका तेथेच धोका आहे.

आकार आणि प्रमाण

ए-० कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे एक चौरस मीटरचा असतो. ए-१ त्याच्या निम्मा, म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटरचा. घर, शाळा, अंगणवाडी यांच्या नकाशांस बहुधा ए-१ पुरतो, आणि त्यासाठी ६१० मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे २४ इंची रोल घेणारे यंत्र पुरेसे होते. ए-० छापायचा असेल, तर ३६ इंची यंत्र लागते.

छोटे यंत्र आहे म्हणून ए-१ नकाशा ए-३ कागदावर बसवला, तर प्रत्येक लांबी निम्मी होते. १:१०० प्रमाणात २३० मिलिमीटरची विटांची भिंत २.३ मिलिमीटर जाडीची दिसते. लहान केलेल्या प्रतीवर ती १.१५ मिलिमीटर उरते, आणि कोपऱ्यात मात्र ‘प्रमाण १:१००’ हेच शब्द राहतात. याकरिता छपाई ‘मूळ आकारात’च करावी. प्रत्येक नकाशावर मोजपट्टी रेखाटावी आणि प्रत बाहेर येताच ती पोलादी पट्टीने मोजून पाहावी.

शाई की पावडर?

इंकजेट यंत्राची किंमत तुलनेने कमी असते व ते रंगीत छापते. परंतु त्याची शाई दोन प्रकारची असते. पाण्यात विरघळलेल्या रंगाची शाई ओली होताच पसरते; पिगमेंट शाईतील रंगाचे सूक्ष्म कण कागदावर धरून राहतात. ज्या प्रती उघड्यावर, पावसाळ्यात वापरायच्या आहेत, त्यांच्यासाठी निदान काळ्या रेषांची शाई पिगमेंटचीच असावी. टोनर पावडरचे यंत्र उष्णतेने पावडर वितळवून कागदावर चिकटवते. त्याची प्रत पाण्याला दाद देत नाही व छपाईही वेगाने होते. मात्र यंत्र महाग, वजनदार आणि अधिक वीज खाणारे असते. रोज शेकडो नकाशे निघतात, तेथेच ते परवडते.

खरेदीपूर्वीचा हिशेब

यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग होय. शाई, कागद, छपाईचे हेड आणि देखभाल हा दुसरा भाग, आणि तो वर्षानुवर्षे चालतो. यंत्रासोबत येणाऱ्या पहिल्या काडतुसांत अनेकदा शाई कमी भरलेली असते. तेव्हा शाईचा दर मिलिलिटरमागे काढून तुलना करावी. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ पुण्याहून किती दिवसांत येईल, हे लेखी घ्यावे. दमट हवेत कागद ओल शोषून वाकतो, म्हणून उघडा रोल वेष्टनात ठेवावा.

आणखी एक गोष्ट विसरू नये. इंकजेट यंत्र बंद पडून राहिले, तर हेडमधील शाई सुकते व ते साफ करण्यातच शाई खर्ची पडते. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीस महिन्यास दहाच नकाशे लागतात. तिने स्वतंत्र यंत्र घेण्यापेक्षा शहरातील दुकानातून प्रती काढाव्यात, अथवा शेजारच्या पंचायतींसह पंचायत समितीच्या पातळीवर एका यंत्राची मागणी करावी. जेथे काम नित्याचे आहे, त्या कार्यालयाने आपल्याच एका नकाशाची नमुना प्रत विक्रेत्याकडून छापून घ्यावी, तिच्यावर पाण्याचे थेंब टाकावेत, ती दिवसभर उन्हात ठेवावी, आणि मगच निर्णय घ्यावा.

यंत्र कोणतेही असो, प्रत्येक प्रतीवर सुधारणेचा क्रमांक व दिनांक असावा आणि नवी प्रत कामावर पोहोचताच जुनी परत घ्यावी. भीमाकाठच्या काळ्या जमिनीत पाया किती खोल न्यावा, हे अभियंता ठरवतो. पण तो आकडा गवंड्यापर्यंत अचूक पोहोचवण्याचे काम त्या कागदाचे असते. तो कागद वाचता येतो ना, एवढे पाहणे सरपंचास, ग्रामपंचायत अधिकाऱ्यास आणि शाळेच्या मुख्याध्यापकासही सहज शक्य आहे.