खाणावळवालीचा हिशेब

मुंबईस आलेला पाहुणा विचारतो, “चांगले जेवण कोठे मिळेल?” कोणी त्याला इराण्याकडे धाडतो, कोणी उडप्याकडे. गिरणगावच्या खाणावळवालीचे नाव कोण घेतो? एकेक बाई पहाटे उठून दहा-वीस गिरणीकामगारांचे रांधी. कामगार पैसे देणार पगाराला. वाण्याची उधारी मात्र व्याजाने रोज चढे. गिऱ्हाईक जेवून तृप्त, बाई कर्जात! १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण म्हणाल तर एकमेकींची जामीनकी. आम्ही युनियनवाल्यांनी पगाराचे हिशेब पुष्कळ मांडले. हा मांडला त्यांनी. आता आपल्या वाशीच्या बाजारात माथाडीला दुपारी जेवू घालणाऱ्या बाईची वही कोणी उघडून पाहिली आहे काय?